आदर्श विहिरीची ओटी

तुम्ही नोकरी काय करता, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. आमच्या संस्थेत एका राज्याचे अधिकारी दुसऱ्या राज्याचं चांगलं काम बघायला येतात आणि ते त्यांना दाखवायचं काम माझं. कागदावर याला शाश्वत विकासातल्या उत्तम कार्यपद्धतींची देवाणघेवाण म्हणतात. माझी सासू म्हणते, "म्हणजे मुलगी दाखवायचा कार्यक्रम." तिचं फारसं चुकत नाही. तसंच आदल्या दिवशी झाडून पुसून घ्यायचं, तसंच पोह्यांच्या जागी उप्पीट ठेवायचं आणि तसंच सगळ्यांनी सगळं बघून "कळवतो" म्हणत निघून जायचं. पुढं कळवत कुणीच नाही.

माझं माहेर निपाणीकडचं. मराठी घरातली, कन्नड शाळेतली, आणि एवढ्या भांडवलावर मला बंगळुरात ही नोकरी मिळाली. महाराष्ट्राचं शिष्टमंडळ आलं की मला पुढं करतात. पाहुण्यांना मी कर्नाटकची वाटते, आमच्या साहेबांना मी महाराष्ट्राची वाटते, आणि काही बिनसलं की दोघंही माझ्याकडं बघतात. आता सवय झालीय.

पूर्वी आम्ही पाहुण्यांना आनेकलकडचं एक तळं दाखवायचो. तळं खरंच चांगलं होतं, पण शहरातून तिथं जाऊन यायला दिवस मोडायचा आणि पाहुण्यांची रेशमी साड्यांची खरेदी राहून जायची. दौऱ्यानंतरच्या अभिप्रायात "वेळेचं नियोजन सुधारावं" असं आलं की समजायचं, साड्या राहिल्या. साहेब त्यामुळं जवळपास काहीतरी शाश्वत शोधत होते आणि दुर्दैवानं ते त्यांना आमच्या गल्लीत सापडलं.

आम्ही राजाजीनगरात राहतो. गल्लीच्या टोकाला एक जुनी उघडी विहीर आहे, दगडी बांधकामाची. आम्ही राहायला आलो तेव्हा लोक तिच्यात गणपतीचं निर्माल्य आणि फुटक्या कुंड्या टाकायचे. तिला जिवंत केलं ते समोरच्या घरातल्या अक्कानं. अक्का खानावळ चालवायची. पुढच्या पडवीत बाकडी टाकून दुपारी आसपासच्या दुकानांतल्या आणि कारखान्यांतल्या माणसांना जेवू घालायची. नळाचं पाणी एकाड एक दिवस, त्यात तिची भांडीसुद्धा निघेनात. तेव्हा तिनं गल्लीतल्या प्रत्येकाच्या दारात बसून, भांडून, रुसून सगळ्यांना तयार केलं, विहीर खणणारी माणसं आणली, गाळ उपसला. आजूबाजूच्या घरांच्या गच्च्यांवरचं पावसाचं पाणी पाइपांनी आणून खडी-वाळूच्या खड्ड्यातून विहिरीत सोडलं. पाइप कुणाच्या भिंतीवरून, कुणाच्या कुंपणावरून, कुणाच्या तुळशीला वळसा घालून आलेले. दिसायला एकदम गबाळं, पण दोन पावसाळ्यांत विहिरीला पाणी आलं आणि उन्हाळ्यातही टिकलं. गल्ली प्यायचं सोडून सगळ्याला तेच वापरायची. अक्का ते उकळून प्यायलाही द्यायची.

अक्काचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. तिच्या मराठीत निम्मं कन्नड, 'बरं'च्या जागी 'सरी', आणि उरलेलं मराठी असं की पुण्याच्या माणसाला ते तिसरीच भाषा वाटावी. "स्वल्प जेवून जा की गं," म्हणायची आणि ताटात डोंगर वाढायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा शहराबाहेर होसकोटेला एका कारखान्यात, त्याचं दर रविवारी एकच पालुपद, आई, खानावळ बंद कर आणि इकडं ये. तिचंही उत्तर ठरलेलं. "विहिरीत पाणी हाय तोवर मी कुठं जात न्हाई." मुलाच्या घरात ती नुसती बसून राहिली असती, आणि नुसतं बसायचं म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. विहीर गेली की खानावळ जाणार, खानावळ गेली की अक्का जाणार, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

साहेब आमच्याकडं सत्यनारायणाच्या प्रसादाला आले होते. आमच्या नळाला पाणी नव्हतं म्हणून त्यांनी विहिरीच्या बादलीत हात धुतले, आत डोकावून पाहिलं आणि तिथंच त्यांच्या तोंडावर जो काही आनंद पसरला, तो बघूनच मी बादली त्यांच्यापासून लांब सरकवली. मी त्या माणसाला ओळखून आहे. पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीचं 'लोकसहभागातून जलशाश्वतता : एक प्रारूप' झालं.

पहिलं शिष्टमंडळ महाराष्ट्राचंच आलं. बसमधून उतरतानाच सगळ्यांच्या डोक्यावर आमच्याकडून म्हैसुरी पेटा, गळ्यात चंदनाचा हार, खांद्यावर शाल. मग ते विहिरीपाशी जमले. मी माहिती सांगितली, अक्कानं तिच्या मराठीत सांगितलं, पाहुणे माझ्याकडं बघायला लागले, म्हणून मी तिच्या मराठीचं मराठीत भाषांतर केलं. अक्काचं तोंड एवढंसं झालं. मग त्यांच्या प्रमुख साहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, एवढं पाणी बघितल्यावर जलपूजन झालंच पाहिजे. त्यांच्याबरोबरच्या बाईंनी पिशवीतून खण, नारळ, हिरव्या बांगड्या, हळदकुंकवाच्या पुड्या आणि तांदूळ काढले. तयारीनंच आल्या होत्या. विहिरीची ओटी भरली. म्हणजे सगळं आत टाकलं.

आता आमचे साहेब मागं राहतील काय? कर्नाटकात धरण भरलं की सुपात बांगड्या, फणी, धान्य, खण घालून पाण्याला बागिन देतात. साहेबांनी ड्रायव्हरला पिटाळलं. अर्ध्या तासात बाजारातून बागिनाची सुपं आली आणि तीही विहिरीत गेली. दोन राज्यांना सीमेबद्दल एक शब्द बोलायचा नव्हता म्हणून सगळा जोर त्यांनी त्या विहिरीवर काढला. टाळ्या झाल्या, फोटो झाले, "दोन संस्कृतींचा जलसंगम" असं कुणीतरी म्हणालं. मी ते कन्नडमध्ये सांगितलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

बस गेल्यावर अक्का बादली काढायचा गळ घेऊन आली आणि तिन्हीसांजेपर्यंत देवाणघेवाण वर काढत बसली. खण, सुपं, बांगड्यांचा चुरा. पाण्यावर कुंकवाचा तवंग आलेला. "यांच्या घरात पिण्याच्या माठात असं टाकतात काय गं?" तिनं मला विचारलं. मी एक भिजलेलं सूप झटकून भिंतीला लावलं. नारळ मात्र तिनं धुऊन ठेवले. त्या आठवड्यात खानावळीत रोज खोबऱ्याची चटणी होती आणि जेवणारी मंडळी खूश होती.

दौरे वाढत गेले. प्रत्येक राज्याची आपली एक पद्धत. कुणी फुलं टाकायचे, कुणी नाणी, एका शिष्टमंडळानं आपल्या नदीचं पाणी बाटलीतून आणून ओतलं. अक्का गळ घेऊन तयारच असायची. मी ऑफिसातून आले की फाटकातच विचारायची, "उद्या कुठलं राज्य गं?" राज्य कळलं की तिला काय काय वर काढावं लागणार ते कळायचं. तिची सगळी चेष्टा चाललेली असायची, पण हात सोलवटून निघालेले मी बघत होते.

मग सुशोभीकरण आलं. आमच्या साहेबांचं म्हणणं, प्रारूप उत्तम आहे, पण फोटोत प्रारूप दिसत नाही, पाइप दिसतात. एका सकाळी माणसं आली. विहिरीभोवतीची माती उकरून चकचकीत फरशी बसवली, स्टीलचा कठडा लावला, खडीचा खड्डा बुजवून त्यावर फोटो काढायला एक कमान उभी केली, आणि गच्च्यांवरून येणारे सगळे पाइप उतरवून गटारात सोडले. अक्का त्यांच्या अंगावर धावून गेली तर त्यांनी ऑर्डर दाखवली. ती माझ्याकडं आली, मी साहेबांकडं गेले.

"सर, त्या पाइपांतूनच विहिरीत पाणी येतं."

"माहीत आहे मला," साहेब म्हणाले. "पण ते पावसाळ्यात. आता पाऊस कुठं आहे? पावसाळ्यात लावू परत."

"आणि नाही लावले तर?"

"तुम्ही फार नकारात्मक विचार करता हो, मॅडम."

पाऊस आला. मी परत गेले. साहेब म्हणाले, पावसाळ्यात दौरे नसतात, दौरे नसले की प्रारूपावर खर्च टाकता येत नाही. मी म्हटलं, सर, पावसाचं पाणी पावसाळ्यातच पडतं. ते माझ्याकडं अशा नजरेनं बघत राहिले की जणू मी नियमावलीत नसलेलं काही बोलले. गल्लीतल्या लोकांनी स्वतःच पाइप लावायचं ठरवलं, तर शासकीय प्रारूपात फेरफार करू नये अशी पाटी कठड्यावर आली. तीन भाषांत होती. त्यातलं मराठी माझ्याकडूनच करून घेतलेलं, शेजारच्या जिल्ह्याच्या एका तळ्यासाठी म्हणून.

त्या पावसाळ्यात मी खिडकीत बसून नुसती बघायची. गच्च्यांवरचं पाणी धो धो गटारात, गटारातून रस्त्यावर, रस्त्यावरून खाली निघून जायचं. विहीर कमानीशेजारी उपाशी बसलेली. अक्का पातेली, टोप, पिंप, जे सापडेल ते पडवीच्या कडेला लावायची. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची आणि मी करत काय होते, तर पुढच्या दौऱ्याची पत्रिका.

उन्हाळा लागला तसा दोर लांबत गेला. एक दिवस बादली वर आली ती चिखल घेऊन. अक्कानं खानावळीतली बाकडी निम्मी केली. मग ताटांऐवजी पत्रावळी आणल्या. मुलगा आता रविवारची वाट न बघता रोज फोन करायला लागला. "पाडव्यापर्यंत बघते," ती त्याला म्हणाली, आणि मला म्हणाली, "पाडव्याला पाऊस पडत न्हाई, म्हाइत हाय मला. पण काहीतरी बोलायचं म्हणून बोलले."

पाडव्याच्या आधी महाराष्ट्राचं मोठं शिष्टमंडळ यायचं ठरलं. विहीर कोरडी म्हटल्यावर साहेबांची पाचावर धारण बसली. मला वाटलं, आता तरी पाइप लागतील. पण साहेब असे सोपे उपाय करत नाहीत. दौऱ्याच्या दिवशी सकाळी गल्लीत पाण्याचा टँकर आला. मागं लगेच दुसरा. ड्रायव्हर सांगत होता, होसकोटेच्या पलीकडून, बोअरवेलवरून भरून आणलाय. नळीचं तोंड विहिरीत सोडलं आणि टँकर रिकामा व्हायला लागला. गल्लीतली माणसं आपापल्या दारात रिकामे हंडे घेऊन उभी, आणि पाणी त्यांच्यासमोर विहिरीत.

टँकर गेले. अक्का पडवीतून उठली, आतून तिची छोटी मोटर उचलून आणली आणि पाइप विहिरीत सोडला.

"अक्का, अगं पाहुणे येणार आहेत," मी म्हटलं.

"माझ्याकडंही जेवायला येणार हायत," ती म्हणाली. "त्यांना काय चिखल वाढू?"

मी तिच्याकडं बघितलं. मग कठड्यावरून पाइप सरकत होता तो हातानं धरून उभी राहिले. खरं सांगते, इतकं बरं मला त्या नोकरीत कधी वाटलं नव्हतं. तिची टाकी भरली, पिंपं भरली, मग शेजाऱ्यांचे हंडे, कळशा, टब, एकानं तर कूलर आणला. पाहुणे वाटेत साड्या घेत थांबले होते, त्यामुळं आम्हाला भरपूर वेळ मिळाला. ते आले तेव्हा विहिरीच्या तळाशी चिखलावर नुसतं ओलं चकाकत होतं.

साहेबांनी आत डोकावलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण मानलं पाहिजे त्या माणसाला. कठड्यावर हात ठेवून त्यांनी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, की ही विहीर आज मुद्दाम रिकामी केलेली आहे, आतलं दगडी बांधकाम पाहुण्यांना तळापर्यंत अभ्यासता यावं म्हणून. मी भाषांतर करायला तोंड उघडलं. खरं सांगावं असं जिभेवर आलं होतं. पण समोरच्या पडवीत अक्काचा भात शिजत होता, आणि ते पाणी कुठून आलं हे चौकशीत निघालं असतं. मी साहेबांचं वाक्य जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

पाहुण्यांचे प्रमुख मान डोलावत राहिले. "आमच्याकडं हा विचारच होत नाही," ते आपल्या माणसांना म्हणाले. "आपण विहिरीत नुसतं पाणी ठेवतो." सगळ्यांनी ते लिहून घेतलं. मग रीतीप्रमाणं ओटी आली. मला वाटलं, कोरडी विहीर बघून थांबतील. नाही थांबले. नारळ आत गेला आणि खाली चिखलात धप्प असा आवाज झाला. कुणी कुणाकडं बघितलं नाही. टाळ्या मात्र वाजल्या.

जेवण अक्काकडं. बिसी बेळे भात, कोशिंबीर, ताक. प्रमुख साहेब पाण्याचा पेला संपवून म्हणाले, "काय गोड पाणी आहे हो तुमच्या विहिरीचं." अक्कानं त्यांना आणखी एक पेला भरून दिला. मला हसू आवरेना म्हणून मी आत जाऊन उभी राहिले, आणि तिथं ती भरलेली पिंपं बघून हसू गेलं. आठवडाभराचं पाणी असेल. त्यापुढं काय?

त्यापुढं काहीच नाही. पिंपं संपली. अक्का रोज विचारायची, "कुठलं राज्य येतंय का गं?" आता ती चेष्टा राहिली नव्हती. तिला पाणी पाहिजे होतं आणि पाणी राज्यांबरोबर यायचं. मी ऑफिसात वेळापत्रक बघायची. मार्चअखेर होऊन गेलेली, सगळ्या राज्यांचा जुना निधी संपलेला, नवा अजून यायचा होता, उत्तम कार्यपद्धती बघायला कुणीच मोकळं नव्हतं. शेवटी मुलगा टेम्पो घेऊन आला. बाकडी, पातेली चढवली. मोटर तिनं मला दिली. "तुज्याकडं ठेव. लागंल," म्हणाली. गळही ठेवून गेली. मी तिथं गल्लीत उभी राहून सगळ्यांसमोर रडले, आणि तिनं मला रडू नकोस असं एकदाही म्हटलं नाही.

मध्यंतरी, कोरडी विहीर बघून गेलेल्या महाराष्ट्रातल्या त्या प्रमुख साहेबांनी फोटो पाठवले. त्यांच्याकडच्या एका जुन्या विहिरीला तशीच फरशी, तसाच कठडा, तशीच कमान. वर पाटी, 'बंगळुरू पॅटर्न'. पाइप नव्हतेच, कारण त्यांना आम्ही पाइप कधी दाखवलेच नाहीत. सोबत एक विनंती होती, आमच्या विहिरीचं पाणीही उतरलं आहे, तरी आपल्याकडं यापुढची पायरी कोणती ते कळवावं. आमच्या संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदा कुणीतरी पुढचं कळवलं होतं. साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी ते फ्रेम करून लावलं. उत्तर पाठवलं का, ते मी विचारलं नाही.

नवीन आर्थिक वर्षाचं पहिलं शिष्टमंडळ परवा आलं. सकाळी टँकर येऊन गेले. या वेळी साहेबांनी विहिरीपाशी एक शिपाई बसवला होता, त्यामुळं ती काठोकाठ भरलेली. मी माहिती सांगितली, की एका बाईंनी दारोदार जाऊन लोकांना जोडलं आणि ही विहीर जिवंत केली. शिष्टमंडळात एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी विचारलं, "त्या बाईंना भेटता येईल का?"

साहेब माझ्याकडं बघत होते. या वेळी कुणाचा भात शिजत नव्हता.

"त्या गेल्या गाव सोडून," मी म्हटलं. "पाणी नव्हतं म्हणून."

बाईंनी त्या भरलेल्या विहिरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, समजूतदारपणानं हसल्या आणि ओटीचं ताट घेऊन पुढं गेल्या. साहेबांनी सुस्कारा सोडला.

बस वळणाआड गेली, शिपाई चहाला गेला आणि मी घरातून मोटर आणली. हंडे आपोआप जमले. पहिली कळशी भरल्यावर मी अक्काला फोन लावला. का लावला, मला माहीत नाही. बहुतेक तिनं परत यावं असं मनात असेल.

"अक्का, विहीर भरलीय," मी म्हटलं.

"म्हाइत हाय," ती म्हणाली. "सकाळी आमच्या दारावरनंच गेले टँकर. इथल्या बोअरला आता धार बारीक झालीय." मग तिनं विचारलं, "कुठलं राज्य आलं होतं?"

मी सांगितलं. "सरी," म्हणाली आणि फोन ठेवला.